दुसऱ्या पायरीवरचा माणूस: खेळाडूंच्या निषेधाने वर्णद्वेष जागचा हलतो का?

पायवाट (धागाकर्ती)

मी शाळकरी मुलामुलींना धावायला शिकवते. गेल्या आठवड्यात मैदान ओलं होतं, म्हणून सगळ्यांना आत बसवून जुन्या शर्यतींचे फोटो दाखवत होते. त्यात मेक्सिको सिटीचा १९६८ चा तो फोटो आला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस मान खाली घालून, काळ्या हातमोज्यातली मूठ वर करून उभे आहेत, तो. वर्गात एकदम शांतता. मग माझा २०० मीटर पळणारा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हा पुढचा गोरा काहीच का करत नाहीये?"

मी म्हटलं, छातीकडे बघ. पीटर नॉर्मनच्या जॅकेटवर तोच पांढरा बिल्ला आहे जो मागच्या दोघांच्या जॅकेटवर आहे. मुलानं जवळ येऊन पाहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "मग त्यानं काय झालं?"

इथे मी अडखळले. मूठ, गुडघा, काळी फीत, उलटा धरलेला जर्सी, यानं वर्णद्वेष खरंच कमी होतो का? माझं मत असं की होतो, पण ज्यानं ते केलं त्याला काहीतरी मोजावं लागलं तरच. सगळ्यांनी मिळून, शिट्टी वाजायच्या आधी, ठरल्या वेळी केलेल्या गोष्टीत तो जोर उरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

आडवी_बॅट

उत्तम विषय. खुर्ची ओढून बसलो आहे. जुना_गोलंदाज, तुमची वाट बघतोय.

जुना_गोलंदाज

आलो. पायवाटताई, त्या फोटोत बघण्यासारखं बरंच आहे, मुलांना परत दाखवाल तेव्हा सांगा. दोघांच्या पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे आहेत, कृष्णवर्णीयांच्या गरिबीसाठी. कार्लोसच्या जॅकेटची चेन उघडी आहे, ती कष्टकऱ्यांसाठी. त्याच्या गळ्यात मण्यांची माळ आहे, झुंडीनं ठार मारलेल्यांच्या आठवणीसाठी. स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा. कारण कार्लोस आपले हातमोजे खेळाडूंच्या निवासातच विसरला होता. एकच जोडी होती, ती वाटून घ्या असं सुचवलं ते नॉर्मननं!

बिल्ला 'ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्युमन राइट्स'चा. हॅरी एडवर्ड्स या समाजशास्त्रज्ञानं उभी केलेली ही चळवळ. नॉर्मनकडे स्वतःचा बिल्ला नव्हता, तो त्यानं पॉल हॉफमन या अमेरिकन नौकानयनपटूकडून मागून घेतला. म्हणजे हा माणूस चुकून फोटोत आलेला नाही. मागून घेऊन, लावून, पायरी चढला.

परिणाम म्हणाल तर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं अमेरिकेला दम भरला की या दोघांना घालवा, नाहीतर तुमचा सगळा ॲथलेटिक्सचा चमू बाहेर. दोघांची रवानगी झाली. पदकं काढून घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे. पदकं त्यांच्याकडेच राहिली.

आडवी_बॅट

एका जोडीत दोघांना बसवलं. नॉर्मनला त्या दिवशी रौप्य आणि समयसूचकतेचं सुवर्ण, दोन्ही द्यायला हवी होती.

कातरवेळ

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो, कृपया लगेच अंगावर येऊ नका.

पदक देण्याचा क्षण एकट्याचा नसतो. तिथे तिघं उभे असतात, तीन देश असतात. आज वर्णद्वेषाविरुद्ध मूठ वर केली तर आपल्याला पटते. उद्या कुणी आपल्याला अजिबात न पटणाऱ्या गोष्टीसाठी हात वर केला, तर कुठल्या तोंडानं अडवणार? नियम सगळ्यांना सारखा हवा. ऑलिम्पिकचा नियम ५०, खेळांच्या जागी निदर्शनांना मनाई करणारा, त्यासाठीच आहे. मैदान ही एकच जागा उरली आहे जिथे माणसं आपापली भांडणं बाहेर ठेवून येतात. तीही गेली तर मग काय?

निरुपमा

कातरवेळ, मुद्दा प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देते. भांडणं बाहेर ठेवून येता येतं ते ज्याचं भांडण बाहेर राहू शकतं त्याला. ज्याची कातडीच भांडणाचं कारण आहे तो ती कुठल्या खुंटीला टांगून येणार?

आणि नियम सगळ्यांना सारखा होता का? १९६८ मध्ये स्मिथ-कार्लोसना हाकलणारे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज. हेच ब्रंडेज १९३६ मध्ये अमेरिकन ऑलिम्पिक समितीचे प्रमुख होते आणि बर्लिनवर बहिष्कार घालायला त्यांचा ठाम विरोध होता. बर्लिनच्या विजयमंचावर नाझी सलाम झाले, ते चालले. मूठ मात्र चालली नाही.

त्याच १९६८ सालची क्रिकेटमधली गोष्ट घ्या. बेसिल डि'ओलिव्हेरा, केप टाउनमध्ये जन्मलेला, 'कलर्ड' (तिथल्या कायद्यानं मिश्रवंशीय) ठरवला गेलेला, म्हणून इंग्लंडकडून खेळणारा. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ केल्यावरही त्याला दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून वगळलं. मग टॉम कार्टराइट माघारी गेला म्हणून घेतलं, तर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं असा संघ आम्हाला नको म्हणून सांगितलं आणि दौरा रद्द झाला. त्यानं मूठ वर केली नाही, गुडघा टेकला नाही. नुसता खेळला. तरी राजकारण त्याच्या दारात येऊन उभं राहिलंच ना?

फिरकी

निरुपमा, +१. खुंटीचं वाक्य लिहून ठेवलं.

डि'ओलिव्हेरावरून आठवलं. ३ एप्रिल १९७१, केप टाउनचं न्यूलँड्स मैदान. ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी दोन गौरेतर खेळाडूंना संघात घेऊ द्या अशी मागणी होती, सरकारनं फेटाळली. निवड सामन्यात एक चेंडू टाकला गेला आणि दक्षिण आफ्रिकेचे नावाजलेले गोरे खेळाडू, त्यात माइक प्रॉक्टर, बॅरी रिचर्ड्स, मैदान सोडून चालते झाले. एक निवेदन दिलं, निवड गुणवत्तेवर व्हावी असं, आणि परत येऊन खेळले. फार काही मोजावं लागलं नाही असं म्हणता येईल. पण तो दौरा झाला नाही, आणि दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली ती थेट १९९१ मध्ये, ईडन गार्डन्सवर. प्रॉक्टरच्या कसोटी कारकिर्दीत सात सामने आहेत.

दुसरं, ८ जुलै २०२०, साउदॅम्प्टन. अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतरचा आणि टाळेबंदीनंतरचा पहिला कसोटी सामना. रिकामं स्टेडियम, पाऊस. दोन्ही संघ गुडघ्यावर, वेस्ट इंडिजच्या खेळाडूंच्या उजव्या हातात काळा हातमोजा. ते पाहण्याआधी वेस्ट इंडिजचे माजी वेगवान गोलंदाज मायकल होल्डिंग समालोचन कक्षातून वर्णद्वेषावर बोलले होते, आणि नंतरच्या मुलाखतीत आईवडिलांना काय सोसावं लागलं ते सांगताना त्यांचा आवाज फुटला. ज्या माणसाच्या रनअपचा पंचांना आवाजही येत नसे, त्याला बोलता येईना. मी तो भाग दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा बघवला नाही.

कातरवेळ

फिरकी, तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतो. त्या मालिकेनंतर इंग्लंडनं पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुडघा टेकणं बंद केलं. होल्डिंगनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. काही आठवड्यांत संपणारी निष्ठा कसली?

आणि दक्षिण आफ्रिकेचा क्विंटन डी कॉक. ऑक्टोबर २०२१, दुबई, टी-२० विश्वचषक. सामन्याच्या सकाळी मंडळाचा आदेश आला की सगळ्यांनी गुडघा टेकायचा. त्यानं नकार दिला, वेस्ट इंडिजविरुद्धचा सामना सोडला, जगानं त्याला झोडपलं. मग त्यानं सांगितलं की माझ्या सावत्र बहिणी कलर्ड आहेत, सावत्र आई कृष्णवर्णीय आहे, मला हे रोज जगून दाखवायचं असतं, हुकमानं नाही. पुढच्या सामन्यात तो टेकला. हुकमानं टेकलेल्या गुडघ्याची किंमत किती?

जुना_गोलंदाज

हुकमाबद्दल तुमच्याशी सहमत. पण दक्षिण आफ्रिकेत हे एवढ्यावर संपलं नाही, मागचंही बघा. जुलै २०२० मध्ये लुंगी एनगिडी फक्त एवढंच म्हणाला होता की आपल्या संघानं हा विषय गांभीर्यानं घ्यावा. त्यावर काही माजी गोरे खेळाडू तुटून पडले. मग माजी कृष्णवर्णीय खेळाडू एकेक करून बोलायला लागले.

मखाया एनटिनीनं त्या वेळी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. संघाच्या बसमध्ये तो मागे बसला की बाकीचे पुढे जाऊन बसत. जेवायला जाताना त्याच्या दारावर कुणी टकटक करत नसे. तर हा आपली बॅग बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि हॉटेलपासून मैदानापर्यंत पळत जायचा. संध्याकाळी पळत परत. लोक म्हणायचे, काय फिटनेस आहे! १०१ कसोटी खेळलेला माणूस. आम्ही त्याच्या त्या पळण्याचं कौतुक करत होतो.

२०२१ मध्ये मंडळानं सुनावण्या घेतल्या, त्यात पॉल ॲडम्सनं संघाच्या गाण्यात आपल्या रंगावरून काय म्हटलं जायचं ते सांगितलं. एनगिडीचं ते एक वाक्य नसतं तर हे बाहेर आलं असतं असं मला वाटत नाही. गुडघ्यानं वर्णद्वेष गेला नाही, तोंडं उघडली. माझ्या लेखी तेही मोठं आहे.

रानभूल

एनटिनीचं वाचून गलबललं.

सावळी

खूप दिवसांनी लिहितेय. शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. चांगली खेळायचे. माझं नाव संघात कुणी घेत नसे, 'काळे, उठ' असंच. शिक्षकही तसंच म्हणायचे आणि सगळे हसायचे, मीही हसायचे. न हसून चालणार नव्हतं.

२०२० मध्ये वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी म्हणाला की आयपीएलमध्ये मला 'काळू' म्हणायचे, मला वाटायचं त्याचा अर्थ दणकट असा काहीतरी आहे, अर्थ आत्ता कळला. तोही तेव्हा सगळ्यांबरोबर हसत होता. मी ते वाचून उठले आणि बराच वेळ खिडकीत उभी राहिले.

पुढच्याच वर्षी दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपल्या संघानं गुडघा टेकला. विराट कोहली म्हणाला की व्यवस्थापनाकडून तसं कळवलं गेलं. पाकिस्तानचे खेळाडू छातीवर हात ठेवून उभे होते. मला ते दृश्य आवडायला हवं होतं. पण माझ्या मनात एवढंच आलं की हे टेकताना त्यांना 'काळू' आठवला असेल का? पायवाटताई, निषेध दुसऱ्याच्या घरातल्या पापाविरुद्ध सोपा असतो. आपल्या ड्रेसिंग रूममध्ये जो एकटा म्हणेल की असं बोलू नका, तो खरा नॉर्मन. माझ्या संघात एकीनं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पायवाट

सावळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या मैदानावरची मुलं एकमेकांना काय हाका मारतात ते उद्यापासून कान देऊन ऐकणार आहे.

शिट्टी

फुटबॉलकडून थोडं. मी छोट्या स्पर्धांमध्ये पंचाचं काम करतो, म्हणून माझं लक्ष सामना थांबतो की नाही इकडेच असतं. गुडघा टेकला तरी सामना सुरू होतो. मैदान सोडलं की सामना थांबतो, आणि थांबलेल्या सामन्याचा हिशेब सगळ्यांना द्यावा लागतो. आयोजकांना, वाहिन्यांना, प्रेक्षकांना.

जानेवारी २०१३, प्रो पात्रियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. प्रेक्षकांतून माकडाचे आवाज. एसी मिलानच्या केविन-प्रिन्स बोआटेंगनं चेंडू हातात घेतला आणि त्या प्रेक्षकांच्या दिशेनं सणसणीत लाथाडला, शर्ट काढला, चालू लागला. त्याच्यामागे सगळा संघ. डिसेंबर २०२०, पॅरिस सेंट-जर्मेन विरुद्ध इस्तंबूल बशाकशेहिर: चौथ्या पंचानं सहायक प्रशिक्षक पिएर वेबो यांचा उल्लेख रंगावरून केला. माझ्याच पेशातला माणूस, म्हणून फार लागलं. डेम्बा बा तिथे उभा राहून विचारत होता, गोऱ्या माणसाला दाखवताना तू 'तो गोरा' असं म्हणतोस का? दोन्ही संघ आत गेले. सामना दुसऱ्या दिवशी, वेगळ्या पंचांसह, पूर्ण झाला.

आता फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे: आधी सामना थांबवायचा, तरी चालू राहिलं तर काही काळ तहकूब, तरीही नाहीच तर रद्द. २०२४ पासून खेळाडूनं मनगटावर मनगट ठेवून फुली केली की पंचाला ती खूण समजून पावलं उचलायची आहेत. म्हणजे निषेधाची खूण नियमाच्या पुस्तकात आली. पायवाट म्हणतात तसं ठरलेल्या गोष्टीत जोर उरत नाही, ते इथे मला पटत नाही. ही खूण केली की पंचाला काहीतरी करावंच लागतं. मला असली खूण हवी.

आणि व्हिनिसियस ज्युनियर. मे २०२३, व्हॅलेन्सियाचं मेस्ताया. तो ओरडणाऱ्याकडे बोट दाखवत उभा राहिला, हलेना. पुढच्या वर्षी तिघांना आठ महिन्यांची शिक्षा झाली, स्पेनमध्ये फुटबॉल मैदानावरच्या वर्णद्वेषी शिव्यांसाठी अशी पहिलीच.

फिरकी

बोट दाखवण्यावरून सिराज! जानेवारी २०२१, सिडनी. सीमारेषेवरून आत येऊन त्यानं कर्णधार रहाणेला आणि पंचांना प्रेक्षकांतून येणाऱ्या शिव्यांबद्दल सांगितलं, खेळ थांबला, सहा जणांना उठवून नेलं. (नंतरच्या चौकशीत शिवीगाळ झाल्याचं मान्य झालं, पण ते सहा जण दोषी नव्हते, हेही सांगायला हवं.) सिराजनं पुढे सांगितलं की पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता, आणि रहाणे म्हणाला, आम्ही काही चूक केलेली नाही, आम्ही खेळणार. शिट्टी, मैदान सोडण्याइतकंच हेही मला मोलाचं वाटतं.

शिट्टी

मान्य. कोण जाणार आणि कोण थांबणार हे ज्याला शिवी बसली त्यानं ठरवावं.

उपनगर

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलिन केपर्निकचं नाव अजून कसं आलं नाही? मी तेव्हा अमेरिकेत होतो. ऑगस्ट २०१६ मध्ये तो राष्ट्रगीताला आधी नुसता बसून राहिला. त्याच्याकडे लक्ष जायलाच दोन सामने गेले. मग नेट बॉयर या माजी सैनिकानं त्याला खुलं पत्र लिहिलं. दोघं भेटले आणि बॉयरनं सुचवलं की बसू नकोस, गुडघा टेक, पडलेल्या साथीदारापुढे सैनिक टेकतात तसा. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत केपर्निक आणि एरिक रीड टेकले आणि बॉयर शेजारी छातीवर हात ठेवून उभा राहिला. कातरवेळ, गुडघा टेकणं हा मुळात आदर राखायचा मार्ग म्हणून निवडलेला होता, हे लोक विसरतात.

२०१७ च्या मार्चमध्ये तो मोकळा झाला आणि पुन्हा कुठल्याही संघानं त्याला घेतलं नाही. तेव्हा त्याचं वय २९. जून २०२० मध्ये लीगचे आयुक्त म्हणाले की आम्ही खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली. त्या निवेदनात त्याचं नाव नव्हतं.

कातरवेळ

उपनगर, बॉयरची गोष्ट मला माहीत नव्हती. धन्यवाद. राष्ट्रगीताबद्दल माझ्या मनात जे होतं ते थोडं सैल झालं. विजयमंचाबद्दल अजून नाही.

पण मग विल्फ्रेड झाहाचं काय? मार्च २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सगळे टेकले आणि तो एकटा ताठ उभा राहिला. तो स्वतः कृष्णवर्णीय. आईवडिलांनी मला अभिमानानं उभं राहायला शिकवलं, असं त्याचं म्हणणं.

निरुपमा

झाहाचं उभं राहणं हाच त्या दिवशी मैदानावरचा निषेध होता, असं मी म्हणेन. आणि जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या महिलांनी तेच केलं. जेस कार्टरला युरो स्पर्धेदरम्यान समाजमाध्यमांवर घाणेरड्या शिव्या आल्या, तेव्हा संघानं ठरवलं की इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी आम्ही टेकणार नाही, उभ्या राहू, कारण टेकणं आता पुरेसं नाही. पाच वर्षांपूर्वी टेकणं म्हणजे बंड होतं, आता न टेकणं. खूण झिजली की बदलावी लागते.

दक्षिण_वारा

मेलबर्नहून. इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या निकी विनमारचा फोटो तुमच्या मुलांना दाखवाच. १७ एप्रिल १९९३, व्हिक्टोरिया पार्क. दिवसभर प्रतिस्पर्धी पाठीराख्यांनी त्याला आणि गिल्बर्ट मॅकॅडमला रंगावरून शिव्या घातल्या. त्यांचा संघ जिंकला. भोंगा वाजल्यावर विनमार त्याच प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला, डाव्या हातानं जर्सी वर उचलला आणि उजव्या हाताच्या बोटानं आपल्या पोटाच्या कातडीकडे दाखवलं. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, या लीगनं वर्णद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम केला. (मायकल लाँगच्या तक्रारीनंतर, पण जमीन विनमारनं नांगरली होती.) आज पर्थच्या स्टेडियमबाहेर त्याचा त्याच पवित्र्यातला पुतळा आहे.

आणि नॉर्मनबद्दल. १९७२ ला त्याला मुद्दाम डावललं असं सर्रास सांगतात. ऑस्ट्रेलियाची ऑलिम्पिक समिती ते नाकारते. निवड चाचणीत तो तिसरा आला होता, आणि पात्रतेची वेळ मात्र त्यानं आधी अनेकदा दिली होती, हेही खरं. २०१२ मध्ये संसदेनं त्याची माफी मागितली. तो २००६ मध्येच गेला होता. शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले होते.

रानभूल

सॅन होजे विद्यापीठातला पुतळा कुणी पाहिला आहे का?

उपनगर

मी पाहिला आहे. स्मिथ आणि कार्लोस केवढे तरी उंच, पायात मोजे. दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे. नॉर्मननंच सांगितलं होतं की मला तिथे बसवू नका, येणाऱ्याला उभं राहू द्या. मी गेलो तेव्हा एक आजी नातीला त्या पायरीवर चढवत होती. नात खाली उतरायला तयार नव्हती. मग मीही चढलो. तिथून दोघांचे चेहरे दिसत नाहीत, ते तुमच्या पाठीमागे असतात. मागे काय चाललंय ते न बघताच नॉर्मन उभा होता, हे मला तिथे चढल्यावर कळलं.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मूळ मत दोन ठिकाणी बदललं. एक शिट्टींमुळे, आणि एक जुना_गोलंदाज यांच्यामुळे.

आज मैदान वाळलं होतं. सराव संपल्यावर त्या मुलाला बाजूला घेऊन नॉर्मनची वेळ सांगितली: २०.०६ सेकंद. ऑस्ट्रेलियाचा विक्रम म्हणून ती छप्पन्न वर्षं टिकली. डिसेंबर २०२४ मध्ये गाऊट गाऊट नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं २०.०४ मध्ये ती मोडली. त्याचे आईवडील दक्षिण सुदानहून ऑस्ट्रेलियात आलेले.

"सोळा?" त्यानं विचारलं. मग बूट पुन्हा बांधले आणि वळणाच्या खुणेकडे चालत गेला. मला म्हणाला, "मॅडम, घड्याळ लावा."